एका भयकादंबरीविषयीं वाचकांचीं मतें

अलीकडे वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या दप्तरांत क्रमिक पुस्तकांच्या जोडीला एका निराळ्याच जातीचें इंग्रजी पुस्तक आढळूं लागलें आहे. त्याचें वेष्टन बहुधा काळें असतें, अक्षरें तांबडीं असतात, आणि कोठें तरी एखादी सुरी किंवा लोखंडी आंकडा चितारलेला असतो. असलीं पुस्तकें मुलांस वाचूं द्यावीं कीं त्यांच्या हातून काढून घ्यावीं, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचें उत्तर एका शब्दांत देण्यापेक्षां या जातीच्या एका प्रसिद्ध पुस्तकाची हकीकत सांगावी, तें वाचणाऱ्यांनीं त्याविषयीं कोणकोणतीं मतें दिलीं आहेत तीं पाहावीं, आणि मग त्या मतांचीच थोडी परीक्षा करावी, असें आम्हीं योजिलें आहे.

या जातीस इंग्रजींत 'स्लॅशर' म्हणतात. 'स्लॅश' म्हणजे धारदार शस्त्रानें सपकन् वार करणें. त्यावरून हें नांव पडलें. शब्द मुळांत पुस्तकांचा नव्हे, चित्रपटांचा. १९७८ सालीं जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाचा 'हॅलोवीन' आणि १९८० सालीं 'फ्रायडे द थर्टीन्थ' हे चित्रपट अमेरिकेंत निघाले, व त्यांच्या यशामुळें एक साचाच तयार झाला. तरुण मुलामुलींचा एक मेळा असतो. मागें केव्हां तरी घडलेलें एखादें दुष्कृत्य असतें. मुखवटा घातलेला कोणी मारेकरी येतो आणि एकेकास गांठून ठार करतो. अखेरीस बहुधा एक मुलगी उरते व ती त्याच्याशीं सामना करते. या उरलेल्या मुलीस कॅरल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीनें १९८७ सालच्या एका निबंधांत 'फायनल गर्ल', म्हणजे शेवटची मुलगी, असें नांव दिलें. तें आतां सर्वत्र रूढ झालें आहे. पुढें १९८९ पासून आर. एल. स्टाइन यांच्या 'फिअर स्ट्रीट' या मालेनें भयकथेची गोडी शाळकरी वाचकांस घराघरांत लाविली.

आम्ही ज्या पुस्तकाविषयीं लिहिणार आहों तें मात्र या सर्वांच्या आधींचें आहे. लोइस डंकन या अमेरिकन लेखिकेची 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' ही कादंबरी १९७३ सालीं प्रसिद्ध झाली. 'गेल्या उन्हाळ्यांत तूं काय केलेंस तें मला ठाऊक आहे' असा त्या नांवाचा अर्थ. डंकन बाईंचा जन्म १९३४ सालचा. न्यू मेक्सिको संस्थानांतील अल्बुकर्क शहरीं त्या पुष्कळ वर्षें राहत होत्या, आणि तेथील विद्यापीठांत वृत्तपत्रलेखनाचा विषय शिकवीत. किशोरांसाठीं केलेल्या लेखनाबद्दल त्यांस १९९२ सालीं मार्गारेट एडवर्ड्स पारितोषिक मिळालें. म्हणजे लेखिका कोणी उथळ बाजारी लेखणी चालविणारी नव्हे, हें प्रथम लक्षांत घ्यावें.

कथा थोडक्यांत अशी. ज्यूली, रे, हेलन आणि बॅरी हीं चौघें तरुण मुलेंमुली एका रात्रीं डोंगरांतील सहल आटोपून मोटारींतून परत येत असतात. बॅरी गाडी हांकीत असतो. वाटेंत सायकलवरून चाललेल्या दहा वर्षांच्या एका मुलास गाडीची धडक बसते. गाडी थांबत नाहीं. पुढें गेल्यावर रे दूरध्वनीवरून मदत मागवितो, पण आपलें नांव सांगत नाहीं. मुलगा मरतो. बॅरीच्या आग्रहावरून चौघें शपथ घेतात कीं, ही गोष्ट कोणींही कोठेंही बोलावयाची नाहीं. ज्यूलीचें मन ती शपथ घेण्यास तयार नसतें. तरी ती घेते. वर्ष जवळजवळ सरतें, आणि एके दिवशीं ज्यूलीच्या नांवें टपालानें एक चिठी येते. तिच्यांत पुस्तकाच्या नांवाचें तेवढेंच वाक्य असतें. त्याच दिवशीं तिला कॉलेजांत प्रवेश मिळाल्याचेंही पत्र आलेलें असतें. लेखिकेनें तीं दोन पत्रें एका टपालांत घातलीं, येथेंच तिचें कसब दिसून येतें.

यापुढें बॅरीवर गोळी झाडली जाते, हेलनवर तिच्या राहत्या जागीं हल्ला होतो, ज्यूलीचा गळा आवळला जातो. परंतु चौघांपैकीं एकही दगावत नाहीं.

आतां वाचकांकडे वळूं. या पुस्तकावर गेल्या पन्नासांहून अधिक वर्षांत जीं मतें दिलीं गेलीं त्यांचे दोन कालखंड पडतात, आणि त्यांच्यामध्यें १९९७ सालचा त्याच नांवाचा चित्रपट उभा आहे. केव्हिन विल्यमसन यांनीं पटकथा लिहिली, जिम गिलेस्पी यांनीं दिग्दर्शन केलें. त्यांनीं डंकन बाईंच्या कथेंतून चार तरुण, एक अपघात, एक शपथ व एक चिठी एवढें घेतलें आणि बाकीचें सारें 'स्लॅशर'च्या सांच्यांत ओतलें. कथा समुद्रकांठच्या कोळ्यांच्या गांवीं गेली. अंगांत लांब डगला व हातांत आंकडा घेतलेला एक मारेकरी आला. आणि मूळ पुस्तकांत जिवंत राहिलेलीं हेलन व बॅरी हीं दोघें, आणखी कित्येकांसह, त्याच्या हातून मारलीं गेलीं. चित्रपट अतिशय चालला. त्याचे पुढील भाग निघाले, २०२१ सालीं त्यावरून मालिका झाली, २०२५ सालीं आणखी एक चित्रपट झाला. आपल्याकडेही २००३ सालीं निघालेल्या 'धुंद' आणि 'कुछ तो है' या हिंदी चित्रपटांवर त्याची छाया पडलेली आहे. त्यामुळें आज जो मुलगा हें पुस्तक हातीं घेतो तो बहुधा चित्रपटाची आठवण मनांत धरूनच घेतो.

अशा वाचकाची तक्रार ठरलेली असते: पुस्तक संथ आहे, आंकडेवाला कोठें दिसत नाहीं, आणि मुख्य म्हणजे या पुस्तकांत कोणी मरतच नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांच्याही तोंडून ऐकलें आहे, आणि तें ऐकून आम्हीं थांबलों. कारण तें खरें नाहीं. या पुस्तकांत एकजण मरतो. तो दहा वर्षांचा आहे, रात्रीं सायकलवरून घरीं चालला आहे, आणि त्याच्या मरणावाचून या कथेंत पुढचें एकही पान लिहिलें गेलें नसतें. त्याची आई त्या दुःखानें मनाचा तोल गमावून रुग्णालयांत पडली आहे. घर विस्कटलें आहे. एवढें सारें वाचूनही 'कोणी मरत नाहीं' असें जेव्हां वाचक म्हणतो, तेव्हां त्या मुलाचा मृत्यु त्यानें मोजलेलाच नसतो. त्याच्या हिशेबीं मृत्यु म्हणजे पडद्यावर दिसणारा, किंकाळीसह होणारा, रक्तानें माखलेला मृत्यु. गंमत अशी कीं, मोटारींतल्या चौघांनींही नेमकें हेंच केलेलें असतें. त्यांनींही त्या मुलास हिशेबांतून वगळलेलें असतें, आणि सारी कादंबरी म्हणजे तो हिशेब त्यांच्यापुढें पुन्हां मांडण्याचा खटाटोप आहे.

चित्रपटानें याच ठिकाणीं जो फरक केला तो पुष्कळ वाचकांच्या ध्यानांत येत नाहीं. तेथें मोटारीखालीं सांपडतो तो मुलगा नव्हे, एक प्रौढ पुरुष. त्यास मेला समजून चौघें समुद्रांत टाकतात. पण तो मेलेला नसतो, आणि शेवटीं असें निघतें कीं, त्या रात्रीं तो स्वतःच एकाचा खून करून येत होता. म्हणजे ज्याचा अपराध चौघांनीं केला तो निरपराधी नव्हताच, आणि मेलाही नव्हता! असें झाल्यावर चौघांच्या डोक्यावर उरलें काय? प्रेक्षकास निश्चिंत मनानें त्यांची बाजू घेतां यावी म्हणून पाप हलकें केलें, आणि त्याची भरपाई प्रेतांच्या संख्येनें केली. आमच्या मतें चित्रपटांतील आंकड्यापेक्षां हा बदल अधिक निर्दय आहे.

दुसरा एक वाचकवर्ग नेमका उलट बोलतो. यांत पुष्कळजण असे कीं, ज्यांनीं चित्रपटाच्या पूर्वीं, आपल्या शाळकरी वयांत, पुस्तक वाचलें होतें. ते म्हणतात कीं, आपणांस भीति वाटली ती मारेकऱ्याची नव्हे, चिठीची. आपलेंही एखादें लपविलेलें कृत्य कोणास ठाऊक असेल कीं काय, या विचाराची. ज्यानें खिडकीची कांच फोडून शेजारच्या पोरावर आळ घातला आहे, अशा कोणत्याही मुलास ही भीति समजेल. तिच्यासाठीं अमेरिकेंत जन्मावें लागत नाहीं.

तिसरें एक मत पात्रांविषयींचें आहे. हीं चौघें आवडण्याजोगीं नाहींत, विशेषतः बॅरी हा उद्धट, स्वार्थी, मुलींशीं खोटें वागणारा आहे. असल्या माणसांचें बरें-वाईट झालें तरी आम्हांस काय, असा तो आक्षेप. त्यांत तथ्य आहे. बॅरी आवडण्याजोगा नाहींच. परंतु गुन्हा लपविणारीं माणसें गोड स्वभावाचीं असावींत ही अपेक्षा आम्हांस जरा चमत्कारिक वाटते. स्त्रियांच्या वागण्या-बोलण्याची चित्रें जुनाट आहेत, ही तक्रार मात्र अधिक योग्य आहे. पुस्तकाचें वय तेथें दिसतें. २०१० सालीं डंकन बाईंनीं स्वतः पुस्तकावरून हात फिरवून नवी आवृत्ति काढली व तींत हल्लींचे खिशांतले दूरध्वनि वगैरे घातले. यावरही वाचकांचें एकमत नाहीं. कोणी म्हणतात, पुस्तक ताजें झालें. कोणी म्हणतात, जुन्या कापडाला नवें ठिगळ दिसतेंच. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहों. ज्या काळीं रस्त्याकडेच्या दूरध्वनीच्या पेटींत जाऊन नाणें टाकल्याखेरीज मदत मागवितां येत नसे, त्याच काळची ही गोष्ट आहे.

पुढील परिच्छेदांत रहस्याचा उलगडा आहे. ज्यांस पुस्तक वाचावयाचें आहे त्यांनीं तो खुशाल ओलांडून जावें.

वाचकांचा सर्वांत रंगणारा वाद मारेकरी ओळखतां येतो कीं नाहीं याचा आहे. कथेंत ज्यूलीची एका तरुणाशीं ओळख होते. त्याचें नांव बड. हेलनचीही एका तरुणाशीं ओळख होते. त्याचें नांव कॉली. दोघेही सभ्य, शांत, चांगले वाटणारे. शेवटीं कळतें कीं बड आणि कॉली हा एकच मनुष्य, मेलेल्या मुलाचा सावत्र भाऊ, व्हिएतनामच्या युद्धांतून परत आलेला. कित्येक वाचक अभिमानानें सांगतात कीं, आम्हीं हें निम्म्यावरच ताडलें. कित्येक प्रामाणिकपणें सांगतात कीं, आम्ही पुरते फसलों. पण यांतली खरी खुबी अशी कीं, ही युक्ति केवळ छापील कागदावरच साधते. कागदावर चेहरा दिसत नाहीं. नांव दोन असलीं कीं माणसें दोन झालीं. पडद्यावर तोच नट दोन ठिकाणीं दिसतांच सारें रहस्य पहिल्या घटकेंतच फुटलें असतें. चित्रपटवाल्यांनीं कथा बदलली याला हेंही एक कारण असावें, असा आमचा तर्क आहे. वाचनाचा म्हणून एक निराळा आनंद असतो, असें आम्ही वर्गांत शंभरदां सांगतों आणि मुलें तें ऐकून घेतात. या उदाहरणानें तें त्यांस पटलें.

आतां तुलनेसाठीं अगदीं अलीकडचें एक पुस्तक घेऊं. स्टेफनी पर्किन्स या लेखिकेची 'देअर्स समवन इनसाइड युअर हाउस' ही कादंबरी २०१७ सालीं निघाली. ही मात्र आरंभापासूनच 'स्लॅशर' म्हणून लिहिलेली आहे. नेब्रास्का संस्थानांतील ऑस्बोर्न नांवाच्या लहान गांवीं हायस्कुलांतील विद्यार्थी एकामागून एक मारले जातात. हवाई बेटांतून आजीकडे राहावयास आलेली मकानी नांवाची मुलगी ही नायिका. मारेकरी आधीं घरांत शिरून लहानसहान वस्तु इकडच्या तिकडे करून ठेवतो. आरंभींच दाराबाहेरच्या पायपुसण्यावर अंड्याच्या आकाराचें, स्वैंपाकघरांतलें वेळ मोजण्याचें यंत्र पडलेलें दिसतें, आणि वाचकाच्या अंगावर कांटा येतो. येथें रक्ताला तोटा नाहीं. मग वाचक तृप्त झाले काय? मुळींच नाहीं. या पुस्तकावरील नाराजीचीं मतें वाचलीं तर तीन गोष्टी पुनःपुन्हां येतात: प्रेमकथाच फार झाली, मारेकरी कोण हें जवळजवळ मध्यावरच सांगून टाकलें, आणि तो मारतो कशासाठीं, याचें कारण पटत नाहीं. ज्या मुलांच्या मनांत गांव सोडून मोठें होण्याची आकांक्षा आहे त्यांच्याविषयींचा त्याचा मत्सर, एवढेंच कारण बहुतेकांस अपुरें वाटलें. २०२१ सालीं या पुस्तकावर चित्रपट निघाला, त्यांत मारेकरी व त्याचा हेतु दोन्ही बदलण्यांत आलीं.

या तीन तक्रारींपैकीं तिसरी आम्हांस फार मोलाची वाटते. रक्त हवें म्हणून जो वाचक येतो तोच, रक्त मिळाल्यावर, 'पण कां?' असें विचारतो. एवढीं माणसें मारलीं, तर त्यांच्या मरणास साजेसें कांहीं कारण तरी द्या, असें त्याचें म्हणणें असतें. पालकांनीं असल्या पुस्तकांमुळें मुलांचीं मनें दगड होतील अशी धास्ती घेण्यापूर्वीं हा प्रश्न ऐकावा. दगडास प्रश्न पडत नाहींत. डंकन बाईंच्या कॉलीला कोणीही 'कां?' असें विचारीत नाहीं. त्याचें कारण सायकलवरून चाललें होतें.

राहिलें एक मत, स्वतः लेखिकेचें. १९८९ सालच्या जुलै महिन्यांत अल्बुकर्क शहरीं डंकन बाईंची धाकटी कन्या, वय वर्षें अठरा, रात्रीं मोटार चालवीत असतां गोळ्या लागून मरण पावली. मारणारा कोण याचा तपास लागेना. तिच्या शोधांत आईनें उरलेलें आयुष्य घालविलें. १९९२ सालीं 'हू किल्ड माय डॉटर?', म्हणजे 'माझ्या मुलीस कोणीं मारलें?', या नांवाचें पुस्तक लिहिलें. रहस्यकथा लिहून हजारों मुलांस जिनें रात्रीं जागविलें तिच्या घरीं न उलगडणारें रहस्य आलें, आणि त्यानंतर तशा भयकथा लिहिण्याकडे तिचें मन वळेनासें झालें. अशा स्थितींत १९९७ सालीं ती आपल्याच पुस्तकावरील चित्रपट पाहावयास गेली आणि आपल्या कथेचें काय झालें तें तिनें पाहिलें. तिला तो अत्यंत क्लेशदायक वाटला, व तें तिनें पुढें अनेकदां उघडपणें सांगितलें. जिची मुलगी खुनानें गेली आहे त्या आईस असल्या मरणांवर हंसण्या-किंचाळण्याचा खेळ कसा पाहवावा, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. २०१६ च्या जून महिन्यांत ती वारली. मुलीच्या मृत्यूबाबत एका माणसानें पोलिसांपुढें कबुली दिली ती २०२१ सालीं.

हें कळल्यावर कांहीं वाचक म्हणतात कीं, लेखिकेचें दुःख खरें, पण चित्रपट ही स्वतंत्र कृति आहे व तिला स्वतंत्रपणेंच पाहावें. न्यायाच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें खोडून काढतां येणार नाहीं. चित्रपटगृहांत शेजारच्या खुर्चींत कोण बसलें आहे व त्याच्या घरीं काय घडलें आहे, हें प्रत्येक वेळीं विचारून कोणी किंचाळत नाहीं. तरीही, तें जाणल्यानंतर आम्हांस तो चित्रपट पूर्वींसारखा पाहतां आला नाहीं, आणि ज्या विद्यार्थ्यांस आम्हीं ही हकीकत सांगितली त्यांपैकीं कित्येकांचेंही तेंच झालें.

पालकांस आमचें सांगणें असें कीं, १९७३ चें पुस्तक नववीपासून पुढच्या मुलामुलींच्या हातीं द्यावयास हरकत नाहीं. त्यांतील इंग्रजी सोपें आहे, वाक्यें लहान आहेत, आणि शुष्क निबंधापेक्षां अशा पुस्तकांतून मुलें लवकर भाषा उचलतात. पर्किन्स बाईंचें पुस्तक त्याहून मोठ्यांसाठीं आहे. तें आधीं स्वतः वाचावें. आणि डंकन बाईंचेंच १९७८ सालचें 'किलिंग मिस्टर ग्रिफिन' हें पुस्तक, ज्यांत कडक शिस्तीच्या एका शिक्षकास धडा शिकविण्यासाठीं विद्यार्थी पळवून नेतात व त्यांत त्याचा अंत होतो, त्याची शिफारस आम्ही शिक्षकांनीं करावी अशी अपेक्षा कोणीं करूं नये! अमेरिकेंत तें पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाका अशा मागण्या झाल्या आहेत. आमच्या मतें तें काढूं नये, पण गृहपाठ तपासण्याच्या आदल्या रात्रीं वाचूंही नये.

वर्गांत हें पुस्तक वाचून झाल्यावर आम्हीं मुलांस एकच प्रश्न लिहावयास दिला होता. रे यानें दूरध्वनि करून मदत मागविली, नांव सांगितलें नाहीं. तेवढ्यानें त्याचा अपराध बाकीच्या तिघांहून कमी झाला काय? अर्ध्या वर्गानें लिहिलें, झाला. उरलेल्या अर्ध्यांपैकीं एका मुलीनें लिहिलें कीं, उलट त्याचा अपराध सर्वांत मोठा, कारण मुलगा रस्त्यावर पडला आहे हें चौघांपैकीं त्यालाच सर्वांत स्पष्ट कळलें होतें. घंटा झाली तरी मुलें वर्गाबाहेर जाईनात, आणि व्हरांड्यांतही तो वाद चालूच राहिला.